कच्च्या पेशी

‘कर्करोगाशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली.’ मराठी वृत्तपत्रांतल्या निधनवार्तांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा येते की ते कोणी बसून लिहिले असेल असे आता वाटतच नाही. त्याचा ठसा छापखान्यात तयारच असावा. या वाक्याशी माझे भांडण जुने आहे. एक तर त्यात गेलेला माणूस हरलेला ठरतो. दुसरे असे की रोगाला त्यात परचक्राचे रूप मिळते; तो बाहेरून चाल करून आला, वेशीवर लढाई झाली आणि गढी पडली. सुझन सोन्टॅग यांनी 1978 साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात रोगांवर लादलेल्या अशा प्रतिमांची झाडाझडती घेतली होती. रोगाकडे रोग म्हणूनच पाहावे, त्याला रूपकाचे कपडे चढवू नयेत, असे त्यांचे सांगणे. ते पटते, आणि तरी पुरते पाळता येत नाही. ‘कर्करोग’ हा शब्दच मुळी खेकड्याच्या जुन्या प्रतिमेचे भाषांतर आहे. रूपकाला दाराबाहेर ठेवून या रोगाचे नावसुद्धा घेता येत नाही.

2001 साली माझा चुलतभाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याला घरात सगळे बापू म्हणत. त्या वेळी मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत याच रोगाच्या पेशींवर काम करीत होते. या दोन वाक्यांच्या मध्ये जे आहे, ते लिहायचे मी वर्षानुवर्षे टाळत आले.

आमचे गाव नामपूर. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी. कांद्याच्या लिलावाला येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा आणि डाळिंबाच्या बागा, ही गावाची ओळख. बापूची बाग दीड एकराची होती आणि बहार धरण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भाऊबंदकीत कोणी नव्हता. ज्यांना डाळिंबाची शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : डाळिंबाला आपल्याकडे वर्षातून तीनदा फुलण्याची ओढ असते, आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार. शेतकरी त्यांतला एक निवडतो. त्यासाठी तो आधी झाडाचे पाणी तोडतो; याला ताण देणे म्हणतात. मग इथ्रेलची फवारणी करून पानगळ घडवतो. हे रसायन झाडाच्या अंगात गेले की त्यातून इथिलीन वायू सुटतो, आणि इथिलीन हा पिकण्याचा व गळण्याचा झाडांचा स्वतःचाच निरोप आहे. पाने पिवळी पडून खाली येतात. नंतर पाणी सोडले की उघड्या फांद्यांवर नवी पालवी आणि लालबुंद कळ्या येतात. लहानपणी मी बापूला विचारले होते, औषधाने झाडाला फुले कशी शिकवता येतात? तो म्हणाला, ‘शिकवायचं काय त्यात? झाडाला येतंच ते. आपण फक्त सांगायचं, आता.’

पुढे प्रयोगशाळेत मला जे काम मिळाले, त्याचे याहून नेमके वर्णन मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नाही.

आपल्या अस्थिमज्जेत रोज काही हजार कोटी पांढऱ्या पेशी तयार होतात. त्या जन्मतः कच्च्या असतात. गोल, मोठ्या केंद्रकाच्या, फक्त विभागत राहणाऱ्या. मग टप्प्याटप्प्याने त्या पिकत जातात. केंद्रकाला खाचा पडून त्याचे दोन-तीन पाकळ्यांसारखे भाग होतात, अंगात जंतू मारण्याची सामग्री साठते आणि विभागणे थांबते. अशी पिकलेली पेशी रक्तात उतरते, काही तास ते काही दिवस काम करते आणि मरते. तीव्र मायलॉइड प्रकारच्या ल्युकेमियात ही वाटचाल मध्येच खुंटते. पेशी कच्चीच राहते, विभागत राहते आणि मज्जेतली जागा अडवून बसते. तिथे बाहेरचा शत्रू नसतो. मोठे होणे राहून गेलेली आपलीच पेशी असते.

माझ्याकडे ज्या पेशी होत्या त्यांचे नाव एचएल-60. त्या एका 36 वर्षांच्या अमेरिकन स्त्रीच्या रक्तातून 1970च्या दशकात वेगळ्या काढल्या गेल्या. ती स्त्री केव्हाच गेली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत गुलाबी द्रवाच्या बाटल्यांमधून, 37 अंशांच्या उबेत आजही वाढत आहेत. या बाटलीत सव्वा टक्क्याच्या आसपास डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, मिसळले की चार-पाच दिवसांत बहुतेक पेशी पिकतात. साधेच विद्रावक हे. वातानुकूलित खोलीत 18 अंशांच्या आसपास ते बाटलीत गोठून बसे आणि वापरण्याआधी मला ते हातात धरून वितळवावे लागे. चुकून त्वचेतून अंगात गेले तर तोंडाला लसणाचा वास येतो. पिकलेली पेशी ओळखण्याची कसोटीही साधी : एक पिवळसर रंगद्रव्य घालायचे, पेशी पक्व असेल तर ती त्याचे निळे-काळे कण करते. सूक्ष्मदर्शकाखाली दोनशे पेशी मोजायच्या आणि त्यांत निळ्या किती ते वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पाचव्या दिवशी सगळे क्षेत्र निळ्या ठिपक्यांनी भरलेले.

ही दिशा 1971 मध्ये शार्लट फ्रेंड यांनी दाखवून दिली. उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी डीएमएसओत ठेवल्यावर त्या हिमोग्लोबिन तयार करू लागल्या, लाल झाल्या. 1980 मध्ये एचएल-60 पेशींवर ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा असाच परिणाम दिसला, आणि तोही अत्यल्प मात्रेत. आत नेमके काय घडते ते पाहणे हे माझे काम होते. दर काही तासांनी पेशींमधला आरएनए वेगळा करायचा आणि कोणते जनुक बोलते आहे, कोणते गप्प झाले आहे ते किरणोत्सारी खुणेच्या मदतीने क्ष-किरणांच्या फिल्मवर उतरवायचे. विभागणीला चालना देणाऱ्या मिक या जनुकाचा काळा पट्टा पहिल्या काही तासांतच फिका पडत जाई. पक्वतेच्या जनुकांचे पट्टे मागाहून गडद होत. मराठी पाठ्यपुस्तकांत याला ‘जनुकीय अभिव्यक्ती’ म्हणतात. आपण कवितेच्या संदर्भात जो शब्द वापरतो, तोच. मला ही योजना योग्य वाटते. पेशीजवळचा मजकूर तोच असतो. त्यातले काय उच्चारायचे आणि काय मनात ठेवायचे, यावर ती कोण होणार हे ठरते.

अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना ते पट्टे उमटताना पाहणे हा माझ्या आयुष्यातला निखळ आनंदाचा काळ होता. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढची गोष्ट त्याच आठवड्यांतली आहे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बापूला ताप येऊ लागला. हिरड्यांतून रक्त येई. मांड्यांवर, दंडांवर निळे डाग उठले. फवारणीची उष्णता झाली असेल, असे घरच्यांचे मत पडले. तालुक्याच्या ठिकाणी दाखवले. तिथे रक्त तपासून ‘पेशी कमी झाल्यात’ असे सांगितले गेले आणि सलाइन लावले. सहाव्या दिवशी काकांनी मला प्रयोगशाळेत फोन केला. ‘तू त्यातली आहेस म्हणून विचारतो,’ असे म्हणून त्यांनी ताप, डाग, हिरड्या, कमी झालेल्या पेशी, सगळे क्रमाने सांगितले. मी म्हणाले, ‘काका, तापाची साथ असेल. पेशी आठवड्यात वाढतात. घाबरू नका.’ फोन ठेवला आणि मोजणीला परत गेले. त्या दिवशीच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिले आहे : दोनशेपैकी निळ्या एकशे सदुसष्ट.

दहाव्या दिवशी त्याला मोठ्या शहरात हलवले. तेराव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय बत्तीस. मुलगा दोन वर्षांचा.

महिन्याभराने गावी गेले तेव्हा काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कागद माझ्यापुढे ठेवले. शेवटच्या अहवालावर ‘तीव्र ल्युकेमिया’ असे लिहिले होते. त्याखाली ‘प्रकार’ असा रकाना होता. तो रिकामा होता.

त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ घरात फक्त मला कळत होता. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या शंभर रुग्णांत दहाच्या आसपास रुग्णांना त्याचा एक विशिष्ट प्रकार झालेला असतो : तीव्र प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया. यात 15 आणि 17 या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात. हा बदल 1977 मध्ये जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. या अदलाबदलीतून दोन जनुके एकमेकांना जोडली जातात आणि एक जोडप्रथिन जन्माला येते. पक्वतेची जनुके ज्या रेटिनॉइक आम्लाच्या निरोपाने उघडायची, त्या निरोपाचा ग्राहकच या जोडप्रथिनात अडकलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतला निरोप ऐकू जात नाही. या रोगात हिरड्यांतून, त्वचेखाली, मेंदूत रक्तस्राव होतो आणि पहिल्या काही दिवसांतच माणूस जातो. एके काळी ल्युकेमियाचा हा सर्वांत घातक प्रकार समजला जाई.

1980च्या दशकाच्या मध्यास शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला रेटिनॉइक आम्ल तोंडाने दिले, आणि ती वाचली. 1988 मध्ये त्यांच्या गटाने 24 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांपैकी 23 जणांचा रोग केवळ या औषधाने पूर्ण ओसरला होता. आवाज मोठा केल्यावर निरोप पोहोचला होता. चीनमध्येच हार्बिन इथे सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, याच रोगावर उपयोग होतो असे आढळले होते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1998पासून केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड देऊन अशा 72 रुग्णांवर उपचार झाले आणि सुमारे 86 टक्के रुग्णांचा रोग पूर्ण ओसरला. 2013 साली इटली आणि जर्मनीतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत रेटिनॉइक आम्ल व आर्सेनिक एकत्र दिलेल्या, फारसा धोका नसलेल्या गटात दोन वर्षांनंतर 97 टक्के रुग्ण रोगाने पुन्हा न गाठता जिवंत होते. रूढ अर्थाने केमोथेरपी म्हणतात ती न देता.

या गोष्टीला मराठी मन लगेच एक रूपक देऊ करते : वाल्याचा वाल्मिकी. मीही अनेक व्याख्यानांत ते वापरले आहे आणि श्रोते दर वेळी सुखावले आहेत. आता ते मला खटकते. पिकलेली पेशी संत होत नाही. ती आपले काम करते आणि मरते. तिचे मरणे हाच उपचार असतो. शिवाय एकदम पिकू लागलेल्या लाखो पेशी फुप्फुसांत शिरून ताप, धाप आणि सूज आणू शकतात. ते वेळीच ओळखून स्टेरॉइड दिले नाही तर रुग्ण दगावतो. आणि आणखी एक. पॅरिसमध्ये ह्यूग द थे यांनी पुढे दाखवून दिले की पेशी नुसती पिकवणे पुरत नाही. रोगाचे मूळ असलेले ते जोडप्रथिन नष्ट व्हावे लागते. रेटिनॉइक आम्ल त्याच्या एका टोकाला धरते, आर्सेनिक दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या मध्ये ते मोडते. म्हणजे झुंजीचे रूपक जसे अपुरे, तसेच हृदयपरिवर्तनाचेही. त्यातल्या त्यात बापूचेच वाक्य टिकते : झाडाला येतंच ते, आपण फक्त सांगायचं. पण त्यातला ‘आता’ हा शब्द ऐकायला मला फार वेळ लागला.

कारण या सगळ्या विज्ञानाचे यश दिवसांवर तोललेले आहे. या प्रकाराची शंका यायला गुणसूत्रांची तपासणी लागत नाही. काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, साधा सूक्ष्मदर्शक आणि जाणती नजर असली तर कणांनी गच्च भरलेल्या, आत काड्यांच्या मोळ्या असलेल्या त्या पेशी ओळखू येतात. शंका आली की पक्क्या निदानाची वाट न पाहता औषध सुरू करावे, असा आजचा दंडक आहे. 1999 मध्ये अमेरिकेत टॉड गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 रुग्णांच्या मज्जेतली 6,817 जनुके एकदम वाचून ल्युकेमियाचे दोन मुख्य प्रकार वेगळे ओळखून दाखवले. तो शोधनिबंध आम्ही प्रयोगशाळेत मोठ्या उत्साहाने वाचून काढला होता. पेशीची अभिव्यक्ती वाचली की तिचा प्रकार कळतो, हे मी तेव्हा फळ्यावर आकृती काढून समजावून दिले होते. दोन वर्षांनी माझ्या काकांनी फोनवर रोगाची सगळी लक्षणे एकामागून एक वाचून दाखवली, आणि मला ती वाचता आली नाहीत.

बापूचा प्रकार तोच होता असे मी म्हणत नाही. दुसराही असू शकेल. दुसरा असता तर माझ्या शब्दाने काहीच फरक पडला नसता. इतकी वर्षे मी या ‘कदाचित’च्या दोन्ही बाजूंनी राहून पाहिले आहे. एका बाजूला राहिले की अपराध वाटतो आणि दुसऱ्या बाजूला गेले की आपण सोयीची बाजू निवडली असे वाटते.

त्याच 2001 सालच्या एप्रिलमध्ये कमल रणदिवे गेल्या होत्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये 1960च्या दशकात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर, काचपात्रात पेशी वाढवायच्या, हे शास्त्र आमच्या पिढीपर्यंत ज्या वाटेने आले, तिच्या आरंभी त्या आहेत. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या, वि. रा. खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून आलेल्या या बाई निवृत्तीनंतर कुठे गेल्या? नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूरच्या परिसरात, आदिवासी मुलांचे पोषण तपासायला आणि तिथल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण द्यायला. त्यांच्या निधनानंतर सहकाऱ्यांच्या बोलण्यात हा तपशील आला, तेव्हा मला तो शास्त्रज्ञाच्या उतारवयातला समाजसेवेचा अध्याय वाटला होता. ज्याचा उल्लेख करून पुढे जायचे असते असा. आज वाटते, त्यांना प्रयोगशाळा आणि राजूर यांच्यामधले अंतर दिसत होते, आणि ते पायी चालूनच कमी होते हेही कळत होते. मी मुंबईहून नामपूरला वर्षातून दोनदा जात असे. अंतर मात्र फोनच्या तारेएवढेही कमी केले नव्हते.

गेल्या वर्षी गावी गेले. बापूचा मुलगा आता बाग पाहतो. मधल्या काळात तेल्या रोगाने बाग दोनदा उपटावी लागली. ही तिसरी लावण आहे. त्याने नुकतीच इथ्रेलची फवारणी केली होती. पाने पिवळी पडून गळत होती आणि काकू बांधावर बसून ती पाहत होत्या. त्यांची पंचाऐंशी उलटली आहे. घरात आमचे बोलणे अहिराणीत चालते, पण माझ्याशी त्या मुद्दाम ‘शाळेतलं’ बोलतात. त्या म्हणाल्या, ‘पोरी, तू तिकडे बाटलीत रक्त पिकवायचीस म्हणे. हा सांगत होता, त्याने मोबाइलवर वाचलं. त्या औषधाने माणसं वाचतात?’

मी म्हणाले, ‘एका प्रकारात वाचतात, काकू.’

‘आणि बापूचा?’

‘लिहिलेला नाही.’

त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग मी त्यांना त्या फोनविषयी सांगितले. काका गेले तेव्हाही त्यांना मी ते सांगू शकले नव्हते. माझ्या अपेक्षेप्रमाणे त्या रडल्या नाहीत, मला जवळही घेतले नाही. म्हणाल्या, ‘मग आता फोन आला तर काय सांगशील?’

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर हा लेख लिहिला गेला नसता. म्हणून त्याचे उत्तर इथेही लिहून ठेवते. ताप आहे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते आहे, मार न लागता अंगावर निळे डाग उठत आहेत आणि ‘पेशी कमी’ आहेत, अशी एखाद्याची अवस्था असेल, तर केवळ यंत्रातून आलेल्या आकड्यांवर थांबू नये. रक्ताची काच जाणत्या डोळ्यांनी त्याच दिवशी पाहिली का, हे विचारावे. रक्ताच्या विकारांवर उपचार होतात अशा ठिकाणी रुग्णाला त्याच दिवशी हलवावे. बहुतेक वेळा तो साथीचा तापच निघेल आणि आपला एक दिवस वाया जाईल. तो जाऊ द्यावा.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने मला गावातल्या औषधाच्या दुकानाशेजारच्या रक्त तपासणीच्या खोलीत नेले. तिथल्या तरुण तंत्रज्ञाला मी माझ्या लॅपटॉपवरची काही छायाचित्रे दाखवली : कच्च्या पेशी, पिकलेल्या पेशी आणि ती काड्यांची मोळी असलेली पेशी. त्याने ती आपल्या मोबाइलवर मागून घेतली, एक मोठी करून पाहिली आणि विचारले, ‘मॅडम, अशी दिसली तर कुणाला कळवायचं?’ मी माझा नंबर दिला. मग जरा विचार करून, माझ्या आधी ज्यांना कळवायला हवे अशा जवळच्या शहरातल्या डॉक्टरांचाही दिला.